हलायचं नाही

अबोली चटईवर उताणी पडली आणि सोसायटीचं अख्खं पटांगण हसलं.

"हे काय? शवासन?" खेळण्यांच्या दुकानाचे मालक चंद्रप्रकाश घड्याळ घेऊन तिच्या उशाशी आले. सकाळी माइकवर त्यांनीच जाहीर केलं होतं, की एका आसनात जो सगळ्यात जास्त मिनिटं न हलता टिकेल, त्याच्या मिनिटांएवढी खेळणी दहिसर नदीकाठच्या बालवाडीला. बालवाडीत मुलं बेचाळीस. जिमवाली पोरं प्लँक करून चार मिनिटांत कोसळली होती. सेक्रेटरी दत्तारामकाका वृक्षासनात सहाव्या मिनिटाला कुंडीवर पडले होते.

"फॉर्मवर 'कोणतंही एक आसन' असं छापलंय," काका कोपर चोळत म्हणाले. "मजकूर माझाच आहे."

तिसऱ्या मिनिटाला अबोली घोरायला लागली.

"अहो, बाई झोपल्या!"

"हलायचं नाही, हा नियम. झोपायचं नाही असं कुठाय?" काकांनी फॉर्म पुढे केला.

सातवं मिनिट उलटलं, तसं सोसायटीच्या ध्यानात आलं की बेचाळीस खेळणी इथेच, या चटईवर झोपली आहेत. मग पाण्याचा पंप बंद झाला. लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणते म्हणून लिफ्ट बंद झाली. तिसऱ्या मजल्यावर कुकर शिट्टीला आला होता, तिथे दोघे धावले आणि गॅस बंद करून आले. कावळ्यांना टॉवेल हलवून मुकाट्याने हाकलायला दोन माणसं नेमली. अबोलीच्या सासूबाईंनी, लताबाईंनी, ऊन लागू नये म्हणून तिच्यावर गळ्यापर्यंत चादर घातली. काका मिनिटं बोलेनात. पुठ्ठ्यावर लिहून दाखवू लागले. पाच महिन्यांच्या लेकीची आई पटांगणात मधोमध झोपली होती आणि दीडशे माणसं चवड्यावर चालत होती.

अडतिसाव्या मिनिटाला लेक रडली.

लताबाई तिला घेऊन जिन्याकडे पळाल्या. त्यांनी किल्ल्या वाजवल्या, हलवलं, थोपटलं. पण रडणं भुकेचं होतं, ते चढतच गेलं.

"वाट लागली," काका पुटपुटले. "आता उठणार."

अबोलीचं घोरणं तेवढं थांबलं. पापणीसुद्धा हलली नाही.

एकोणचाळीस. चाळीस. पोरीचा आवाज बसायला आला.

"कसली झोप म्हणायची ही!" कोणीतरी कुजबुजलं. "पोर गळा काढतेय, नि आई ढिम्म."

"कुंभकर्णाची बहीण यार."

लोक तोंड दाबून हसत होते. लताबाईंनी मान खाली घातली. "रात्री हिने नुसती कूस बदलली तरी अबोली उठते हो," त्या म्हणाल्या. पण ते कोणी ऐकलं नाही.

एक्केचाळीस. चंद्रप्रकाशनी कपाळ पुसलं.

"बेचाळीस!" काका ओरडले.

शब्द पुरा व्हायच्या आत अबोली उठली होती. तिने डोळे चोळले नाहीत, किती झाली ते विचारलं नाही. चादर फेकून ती जिन्याकडे धावली, आणि टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

तिचा टी-शर्ट पान्ह्याने पुढून चिंब भिजला होता.