आधी हिशोब, मग फॉर्म

"फॉर्म मागाहून देते, साहेब," रुखसार म्हणाली. "आधी हिशोब तर ऐका!"

बँकेत कर्जाचं काम बघणारे भंगाळे साहेब चष्म्यावरून तिच्याकडे बघतच राहिले. टेबलापलीकडे तिघं बसली होती. मध्ये रुखसार, एका बाजूला तिचे अब्बा नासीर पेंटर, दुसऱ्या बाजूला अम्मी नूरबी.

यावलहून जळगावला येताना एसटीतच रुखसारने हे ठरवून टाकलं होतं. मागच्या बँकेत फॉर्म आधी दिला, तर तिथल्या माणसाने पहिली ओळ वाचूनच हसू दाबलं होतं. आता ही दुसरी आणि शेवटची बँक. शुक्रवारपर्यंत फी भरली नाही तर कॉलेजातली जागा हातची जाणार होती. म्हणून आज तिने सुट्टी टाकली होती, आणि फाईल मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"कोर्स कोणता?"

"चित्रकलेची डिग्री. चार वर्षं."

"अरे देवा! आणि बारावीला किती?"

"पंचावन्न टक्के. यंदाच झाली. घरचं सगळं उरकून केलेला अभ्यास आहे, साहेब. पण प्रवेश परीक्षेत चित्राच्या पेपरला शंभरात एक्याण्णव!"

साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. माणूस वाईट नव्हता; फक्त आकड्यांवाचून त्याला काही दिसत नसे.

"फी आणि सामान मिळून तीन लाख. शिकून होईस्तोवरचं व्याज धरा, पावणेचार. म्हणजे पुढची सात वर्षं महिन्याला साडेसहा हजारांचा हप्ता. आणि डिग्री घेऊन इथं पगार किती? बारा हजार. बसभाडं गेलं, डबा गेला, मग हातात राहिलं काय? कपाळ! त्यापेक्षा नर्सिंगला घाला ना, नासीरभाई. लगेच नोकरी."

रुखसारला हसू आलं. तिने ते ओढणीत दाबलं.

"नर्सिंगचं माहिती आहे, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही आमचे आकडे ऐका. मागच्या वर्षी आमच्या घरातून अकरा शाळांच्या भिंती रंगल्या. कंत्राटदाराला एका फुटाचे साठ रुपये मिळाले. आमच्या हातावर त्याने चौदा टेकवले. का? तर कागदावर डिग्रीवाला माणूस लागतो, आणि तो आमच्याकडे नाही. डिग्री आली की काम थेट आमच्या नावावर. वर्षाला पाचच भिंती धरा, एकेक पाचशे फुटांची. आता मारा गुणाकार."

साहेबांनी गुणाकार मारला. मग पुन्हा मारला. आकड्यांचा माणूस जरा हलला.

"आणि तोवर?"

"घरात एक पगार आहे. दीपनगरच्या दवाखान्यात, बावीस हजार. स्लिप लावली आहे."

"मग ठीक आहे." साहेबांनी आवाज खाली आणला. "पण एक विचारू का, नासीरभाई? राग मानू नका. उद्या नवऱ्याने कामच करू दिलं नाही, तर हप्ते कोण भरणार?"

"नवऱ्याची काळजी सोडा, साहेब," नासीर पहिल्यांदाच बोलला. "त्याची जबाबदारी माझी."

चहा आला. नासीरने कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात रुमालाखाली मांडीवरच राहिला.

"थांबा, थांबा," साहेब एकदम म्हणाले. "नासीर पेंटर, यावल! आमच्या गावच्या शाळेवरचा तो वाघ तुमचाच ना? अहो, आमच्या तेजसची काय घाबरगुंडी उडवली त्याने! दोन दिवस पोरगं त्या भिंतीजवळून जाईना. मी स्वतः गाडी थांबवून बघत बसलो होतो. काय ते डोळे, वा!"

"बिबट्या आहे तो," नूरबी हळूच म्हणाली. "वाघाला पट्टे असतात."

साहेब खळखळून हसले. "घ्या! भाभींनी आमची विकेट काढली. बरं, बिबट्या. आणि खाली कोपऱ्यात नाव कसं लिहिलंय! 'पेंटर'मधल्या 'र'चा पाय असा खाली ओढून वळवलाय, की हुबेहूब बिबट्याची शेपटी. माझ्या बायकोला दाखवली मी ती. खरंच सांगतो, असा हात अख्ख्या खान्देशात बघितला नाही."

नासीरचे डोळे भरून आले. आपलं कौतुक झाल्यावर माणसं लाजतात; हा ताठ बसला, छाती काढून.

"हात आहेच तसा, साहेब," तो म्हणाला. "मी रोज बघतो, तरी मन भरत नाही."

रुखसारने अब्बांकडे रागाने बघितलं, पण साहेबांना हे बोलणं फारच आवडलं.

"आणि तोच हात घरात पुढे चालला असेल, तर मी कोण आडवा येणार? आणा तो फॉर्म!"

फॉर्म आला. साहेबांनी थेट शेवटचं पान उघडलं, दोन फुल्या मारल्या आणि पेन रुखसारपुढे धरलं.

"ही विद्यार्थिनीची, ही जामीनदाराची. कर ग पोरी सही. आणि नाव काढ बापाचं!"

रुखसारने पेन घेतलं आणि जामीनदाराच्या फुलीपुढे सही केली.

"बावीस हजारांचा पगार माझा आहे, साहेब. मी नर्स आहे."

मग तिने पेन अम्मीच्या हातात दिलं. नूरबीने ते कुंचल्यासारखं टोकापासून लांब धरलं, श्वास रोखला आणि विद्यार्थिनीच्या फुलीपुढे एका दमात आपलं नाव लिहिलं. साहेब पुढे वाकून बघू लागले. नावातल्या 'र'ला बिबट्याची शेपटी होती.