पुढच्या वर्षाची ओळ

मठाच्या दारावरच्या बंधूने केनरेडचं पत्र उलटंसुलटं पाहिलं, चिखलाने माखलेले पाय पाहिले आणि म्हणाला, "दक्षिणेकडून आलात होय? म्हणजे अजून शिळं वर्षच चघळताय. आमचं नवं सप्टेंबरात लागलं, तुम्ही बसा नाताळची वाट बघत." केनरेड हसला. ऑक्टोबरच्या वाऱ्यात वीस दिवस चालल्यावर माणूस कशालाही हसतो.

त्याचे गुरू ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहीत होते. ऐकीव गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं तेच खरं, असं बजावून त्यांनी केनरेडला या मठातल्या नोंदी उतरवायला धाडलं होतं. इथले मठाधिपती टिडबर्ट गुरूंचे जुने स्नेही, पण भेट कधीच नाही. सगळा स्नेह पत्रांतला. ती पत्रं गिरवतच केनरेड लिहायला शिकला होता. न पाहताच त्याचा त्या माणसावर जीव होता.

मठात मात्र कुठेतरी पाणी मुरत होतं. वालांच्या कढणावर सगळ्यांच्या माना खाली. टिडबर्ट धिप्पाड निघाले, उजव्या हाताला पट्टी. घोड्यावरून पडलो, महिनाभर लेखणी धरली नाही, म्हणाले. त्यांच्या मागे सदा दोन भालेकरी उभे. भीती कोणाची, हे कोणी सांगेना. चर्चच्या भिंतीशी ताजी माती होती आणि तिच्यावर क्रूस नव्हता. कोणी वाटसरू होता म्हणे.

सगळ्यात संशय यावा असा होता नोंदी ठेवणारा म्हातारा हुनवाल्ड. त्याच्याकडे ईस्टरच्या तारखांचा तक्ता होता. दर वर्षाला एक ओळ, पुढच्या कित्येक वर्षांच्या तारखा आधीच मांडलेल्या, आणि ज्या वर्षी जे घडेल ते त्या ओळीपुढे समासात लिहायचं. केनरेड उतरवायला बसला की म्हातारा येऊन पाठीशी उभा राही. "शेवटपर्यंत उतरवा हं," एवढंच दर वेळी बजावी. नजर मात्र दाराकडे.

पाचव्या दिवशी केनरेड शेवटाला पोचला. सातशे बेचाळीसपुढे गुरांच्या साथीची नोंद होती. चालू वर्ष आलं, संपलं काम, म्हणून तो लेखणी पुसणार, तोच खाली सातशे त्रेचाळीसपुढे त्याला हुनवाल्डचंच बारीक अक्षर दिसलं.

'या वर्षी मठाधिपती टिडबर्ट मारले गेले.'

केनरेडने ओळ पुन्हा वाचली. जे घडलंच नाही ते लिहून ठेवणारा कोण? जो घडवणार आहे तोच. म्हातारा एकटा आहे, की सगळा मठ सामील? विचारायचं कोणाला? तक्ता झग्याखाली दडवून तो थेट मठाधिपतींच्या खोलीत गेला.

"बाबा, हुनवाल्ड तुमच्या जिवावर उठलाय."

त्यांनी ओळ वाचली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "आणखी कोणी पाहिलं?"

"नाही."

"उतरवून घेतलंस?"

"आधी तुमच्याकडे आलो."

"शहाणा आहेस."

त्यांनी भालेकऱ्यांना खूण केली. हुनवाल्डला आणेपर्यंत त्यांनी मेजावरचा चाकू पट्टीच्या हातात घेतला आणि ती ओळ सफाईने खरवडून टाकली. दुखल्याचं काही दिसलं नाही. केनरेड त्या हाताकडे बघत राहिला.

म्हातारा गयावया करील असं त्याला वाटलं होतं. हुनवाल्डने फक्त कोरा समास पाहिला, मग केनरेडकडे वळून पाहिलं. रागावलासुद्धा नाही.

"लेका, दारावर तुला कोणी सांगितलं नाही का," तो म्हणाला, "आमचं नवं वर्ष सप्टेंबरातच लागलंय."