डावा स्पीकर

"डावा मेला हाय," केशवराव ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाले. "पक्का मेला."

कुलदीपनं स्क्रू-ड्रायव्हर दातात धरला आणि पुन्हा सीटखाली वाकला. सकाळपासून तो या गाडीच्या मागे लागला होता. काकांची अट एकच होती, कंपनीचा स्टीरिओ काढायचा नाही. गाडीसंगं आला, गाडीसंगंच राहीन. मग त्यानं स्टीरिओ होता तिथंच ठेवला, त्याच्या पाठीमागून निघणाऱ्या स्पीकरच्या वायरींतून आवाज घेतला, बॅटरीपासून फ्यूज लावून जाड लाल वायर ओढली आणि सीटखाली ॲम्प्लिफायर बसवला. निळा दिवा लागला. आवाज असा सुटला की समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक कप हातात धरून वळले.

आणि काका म्हणतात, डावा मेला.

"खंजिरी कुठी हाय?" केशवरावांनी विचारलं. अंजनगावचा माणूस, केळी आणि भाजीपाला पिकवणारा, गाडीत पेनड्राईव्ह एकच आणि त्यात सगळी खंजिरी भजनं. "बुवा उजवीकून गाऊन राह्यला, बराबर. खंजिरी डावीकून वाजे. ते गायब हाय. मले वाटलं कंपनीचा टेप कमजोर झाला, मशीन लावली का वापस येईन."

"लावा लावा, अजून मोठं लावा," दुकानाच्या दारात स्टुलावर बसलेल्या माणिकबाई म्हणाल्या. "म्हंजे माह्यं आयकायचं कामच नाई."

"तुमाले काय झालं काकू?"

"मले काय होते? गाडी आली तसं ह्यांचं तोंड बंद झालं. फटफटी होती तं मी मागून बोलत राहो अन् हे मान हलवून हो-हो करत. आता शेजारी बसते, तं बोलतच नाई. आज येता येता म्हटलं, परतवाड्याले बहिणीकडे थांबा. सरळ पुढं! जशी मी गाडीत नाईच."

"आयकलं असतं तं थांबलो नसतो का?"

"मंग काय दगडाले सांगतलं मी?"

कुलदीप हसला नाही. त्याचं डोकं वायरीत होतं. जे काही आलं ते मोबाईलवर व्हिडिओ पाहून आणि दोन-चार स्पीकर जाळून आलं होतं. अमरावतीत आत्ता कुठं लोक नाव घ्यायला लागले होते. खंजिरी हरवणारा मेकॅनिक, असं नाव त्याला नको होतं.

त्यानं सगळे जोड उघडून पाहिले. घट्ट. मग स्टीरिओतून उजवी बाजू पूर्ण बंद केली, फक्त डावी चालू ठेवली, डाव्या दारापाशी गेला आणि दारावर तळहात टेकवला. दार थरथरत होतं. खंजिरी सरळ हातात वाजत होती.

"आता काका?"

केशवरावांनी आपल्या उजव्या दारावर थाप मारली. "हां! हा एकदम कडक. आता डावा चालू कर."

कुलदीप गाडीला वळसा घालून उजवीकडे आला. खिडकीतून वाकून त्या दाराला कान लावला. दार गप्प होतं.

असा फॉल्ट त्यानं कोणत्याच व्हिडिओत पाहिला नव्हता.

त्यानं स्टीरिओ बंद केला. बोलायचं होतं, पण टपरीवरचे लोक अजून बघत होते. काकांची मिशी ताठ होती.

"काकू, जरा या. माणसाच्या आवाजावर चेक कराचं हाय. काकाच्या शेजारी बसा अन् बोला काहीतरी. हळू, रोज बोलता तसं."

माणिकबाई बसल्या. फुरंगटून समोर बघत म्हणाल्या, "परतवाड्याले थांबाल का नाई?"

केशवराव रुमालानं स्टेअरिंग पुसत होते. पुसतच राहिले.

"पाह्यलं?" त्या कुलदीपला म्हणाल्या.

"आता मागच्या सीटवर या. काकाच्या मागं, उजव्या अंगाले. तेच बोला. तेवढ्याच आवाजात."

त्या कुरकुरत मागे जाऊन बसल्या. "परतवाड्याले थांबाल का नाई?"

"थांबू ना!" केशवराव म्हणाले. "मी नाई म्हटलं का? तोंड उघडून सांगत जाय ना मंग."

 उलट बोलायचं सोडून माणिकबाईंनी थोडं डावीकडे सरकून हळूच हाक मारली. "अहो."

काही नाही.

परत उजवीकडे. "अहो."

"काय वं?"

"काई नाई."

त्यांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. कुलदीप हत्यारं गोळा करायच्या निमित्तानं मागच्या खिडकीशी आला. "कानाच्या डॉक्टरले दाखवून घ्या काकू," तो पुटपुटला. "पुढच्या चौकातच हाय." त्यांनी मान हलवली.

"झालं का रे?" केशवराव म्हणाले. "डावा राह्यलाच ना."

"काका, डाव्याचं असं हाय..."

"राहू दे." त्यांनी वरच्या आरशात पाहिलं. आरशात माणिकबाई होत्या. त्यांनी आपल्या डाव्या कानावरून एकदा हात फिरवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "सध्या उजव्यावर काम भागवू. डाव्याचं पाहू काय ते." आणि बायकोला, "पुढं ये ना. सीट रिकामी हाय."

"इथंच बरी हाय मी."

गाडी सुरू झाली. सीटखाली निळा दिवा लागला, भजन मात्र कोणी लावलं नाही. कुलदीप दारात उभा राहून बघत होता. पुढची डावी सीट रिकामी. मागून पुढे वाकलेल्या माणिकबाई, त्यांचा हात केशवरावांच्या उजव्या खांद्यावर, बोलणं काही संपत नव्हतं. आणि पार चौकापर्यंत काकांची मान हलत होती. हो-हो. हो-हो.