गुरुवारचं विमान

"परतीचं विमान दुपारचं नको," रॉली म्हणाला. "संध्याकाळच्या धारेला पोचणं व्हायचं नाही."

जनेलने लॅपटॉपवरून मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्याच लक्षात आलं. परत येतील तेव्हा गोठ्यात धार काढायला गायच उरणार नव्हती. दुधाला भाव उरला नव्हता, रॉलीच्या खांद्यात जोर उरला नव्हता, आणि गुरुवारी सकाळी गाई न्यायला ट्रक येणार होता. तरण्या गाई टेक्सासमधल्या एका मोठ्या डेअरीत जाणार होत्या. म्हाताऱ्या कुठे जाणार, हा विषय घरात निघत नसे.

"दुपारचं चालेल मग," तो म्हणाला.

विस्कॉन्सिनमधल्या त्या स्वयंपाकघरात लास वेगासला जाण्याचा बेत ठरत होता. दोघांचीही पन्नाशी उलटली होती आणि ही त्यांची पहिली सुट्टी होती. मधुचंद्र त्यांनी सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या मधल्या वेळात उरकला होता. त्याबद्दल कोणी विचारलं तर जेवण बरं होतं, असं जनेल सांगे. जुगाराचा अनुभव म्हणाल, तर चर्चच्या तळघरातले पत्ते. तिथे रॉलीने एकदा भोपळ्याचा केक जिंकून आणला होता. तो बक्षीस म्हणून जनेलनेच करून दिलेला होता.

"या हॉटेलात आतमध्ये कालवा आहे," जनेल म्हणाली. "होडीत बसवून फिरवतात. होडीवाला गाणं म्हणतो."

"आणि ऐकायचं नसलं तर?"

"तर पोहत यायचं. दुसऱ्या एका हॉटेलात खिडकीतून कारंजं दिसतं."

"आपला पाइप फुटला होता तेव्हा आठवडाभर दिसत होतं की."

"तेव्हा तू त्याच्याखाली उभा राहून शिव्या देत होतास. तिथे मला शांतपणे बघता येईल." जनेलने कालव्याचं हॉटेल निवडलं आणि मग जरा घाईने म्हणाली, "जाताना मात्र गुरुवारी सकाळचं विमान. ट्रक येईल तेव्हा आपण ढगांत असू. इकडचं सगळं शेजारून येऊन व्हर्न बघेल. तू काही बघायचं नाहीस. एवढं माझं ऐक."

रॉलीने मान हलवली. त्यालाही तेच हवं होतं. फक्त स्वतःहून म्हणायची लाज वाटत होती.

तेवढ्यात फोन वाजला. ट्रकवाला लोवेल. जनेलने फोन टेबलावर ठेवून दोघांना ऐकू येईल असा केला.

"गुरुवारचं पक्कं आहे ना? एकच विचारायचं होतं. गाई चढवायला तिकडे कोण असणार?"

"शेजारचा व्हर्न," जनेल म्हणाली.

"व्हर्नच्या हाकेला त्याचा कुत्रासुद्धा येत नाही," रॉली पुटपुटला.

"अरे, रॉली, आहेस होय? तुझ्या गाई परक्या माणसाला बधत नाहीत म्हणतात. काळजी करू नकोस. माझ्याकडे विजेचा शॉक देणारी काठी आहे. दोन-दोन टोचण्या दिल्या की भल्याभल्या चढतात. तुम्ही मजा करा. माझ्या नावाने एक डाव लावा तिकडे."

फोन बंद झाला. लॅपटॉपवर विमान कंपनी विचारत होती, हेच तिकीट नक्की करायचं ना?

"मी व्हर्नला सांगते, काठी लावू देऊ नको म्हणून," जनेल म्हणाली.

"मग चढणार कशा? त्यांनी ट्रक पाहिलाय कुठे? त्याच्या चढायच्या फळीवर पाय ठेवायच्या नाहीत." रॉलीने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "काठी कधी कोणी लावली नाही त्यांना. शेवटच्या दिवशी कशाला? मी आधी आत चढलो आणि तिथून हाक मारली, तर येतील. गुपचूप येतील, एकीमागे एक."

"नको रे. म्हणून तर मी गुरुवार धरला. त्या आल्या नाहीत तर काय करशील तू?"

"येतील गं," रॉली म्हणाला. "आल्या नसत्या तर बरं झालं असतं."

जनेलने बाहीने नाक पुसलं आणि गुरुवार काढून शुक्रवार घातला. शुक्रवारी कालव्याच्या हॉटेलात खोली मिळेना.

"कारंज्याचं घे," तो म्हणाला. "नाहीतर कुठलंही घे. मला काय, खाट असली की झालं."

"खाट असते त्यांच्याकडे," जनेल म्हणाली. "चौकशी केली मी."

पाच वाजायला आले तसा रॉली उठला. दाराशी बसून त्याने गोठ्यातले रबरी बूट चढवले आणि बाहेर पडला. जनेल खिडकीशी येऊन उभी राहिली. तो फाटकापर्यंत गेला. फाटक उघडलं, पण हाक मारली नाही. नुसताच गजावर हात ठेवून उभा राहिला. मारावी की नाही, असा विचार करावा लागण्याची त्याच्यावर ही पहिलीच वेळ असावी.

"या गं पोरींनो," अखेर तो म्हणाला. फार मोठ्याने नाही.

कुरणाच्या पार टोकाला गाईंनी माना वर केल्या. तोंडातलं गवत चघळत त्या निघाल्या, म्हाताऱ्या पुढे, तरण्या मागे. दुसऱ्यांदा हाक मारायची वेळ आली नाही. कधीच येत नसे.