नावापुढे 'हजर'

दिवस मावळायला आला, तसा चैत्राम लोटन पाटलांच्या पायाशीच बसला. चावडीवरची हजेरी अजून व्हायची होती.

"नाना, मन्ही बायको बुधी मरी जाई! दोन दिनपाईन बाळतपनमा अडेल शे. तिले चोपडाले दवाखान्यात लई जाऊ द्या."

पाटलांनी कपाळाला हात लावला. काय मेला तो कायदा! चैत्रामने उभ्या जन्मात कुणाची भुईमुगाची शेंग चोरली नव्हती. पण सरकारने त्याची अख्खी जातच गुन्हेगार ठरवलेली. सांज-सकाळ चावडीवर हजेरी द्यायची, आणि परवान्याशिवाय शीव ओलांडली की तुरुंग. परवाना द्यायचा फौजदाराने, आणि साहेब गेलेले दौऱ्यावर.

"तू जाय," पाटील एकदम म्हणाले. "मन्ही गाडी जुप. हजेरीनं बठ्ठं मी देखसू."

हजेरीच्या बुकात चैत्रामच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने 'हजर' लिहिलं. बावीस वर्षांच्या पाटीलकीतली पहिली खोटी नोंद! तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. घास गोड लागेना. कुत्रं भुंकलं तरी दचकायचे. ओट्यावर बसायचं, उठायचं, चोपड्याच्या वाटेकडे बघायचं. बाई जगली की गेली, काही कळायला मार्ग नाही. आणि रोज दोनदा तेच 'हजर' लिहायचं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या वाटेने हिलाल हवालदार आला. जबानी उतरवून घ्यायला बरोबर कारकून.

"राम राम, नाना. हजेरीचं बुक काढा जरा."

"का हो?"

"चोपड्यात दवाखान्याच्या ओसरीवर एक माणूस धरलाय. नाव काही सांगत नाही. पण बाजारातल्या कुणीतरी सांगितलं, हा तुमच्या गावचा चैत्राम."

"आणि त्याची बायको?"

"सुखरूप आहे. मुलगी झाली."

पाटलांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. संपलं! तो तर सापडलाच, आता लपवून काय उपयोग? निदान दोष आपल्या अंगावर घेतला, तर गरीब सुटेल तरी. हवालदाराने बुक उघडलं, तसा पाटलांनी पानावर हात ठेवला.

"ती नोंद खोटी आहे, हवालदार. तो चैत्रामच. मीच त्याला जा म्हटलं. पाटीलकी घ्या, बेड्या मला घाला, पण त्याला सोडा!"

कारकुनाने शब्द न् शब्द उतरवून घेतला. चार दिवसांत पहिल्यांदाच पाटलांची छाती हलकी झाली.

हवालदार मात्र मटकन ओट्यावर बसला.

"अहो नाना, काय केलंत हे! दौऱ्यावरून येताच साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, चैत्राम बुकात हजर असला तर हा दुसराच कुणी. सोडून द्या त्याला."