तीन समन्सनंतर

हवालदार निघून गेला तरी प्रमोदिनीताईंच्या हातातलं पेन तसंच होतं. परवा कोर्टात हजर राहीन, असं लिहून देऊन त्यांनी सही केली होती. चेरीताल मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत समोरच्या तिन्ही गॅलऱ्यांनी ते पाहिलं होतं.

चहा गॅसवर तसाच सोडून त्या तडक भय्यासाहेबांकडे गेल्या. भय्यासाहेब वकील, त्यांच्या नवऱ्याचे जुने मित्र.

“तीन समन्स आले, वहिनी. काहून नाही गेलात?”

“पाय उचलला नाही.”

“हे जमानती वॉरंट आहे, म्हणून सहीवर भागलं. परवा नाही गेलात तर गैरजमानती निघेल. मग सरळ गाडीत बसवून नेतील.”

“एका दुधाच्या डब्यासाठी?”

“डब्यासाठी नाही. कोर्टानं बोलावलं अन् तुम्ही जाऊन नाही राहिल्या, त्यासाठी.”

प्रमोदिनीताई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत येऊन बसल्या.

“अन् डब्याची शिक्षा?”

“चोरीला तीन वर्षांपर्यंत. कधी दंडावर सुटतं, पण नावावरचा डाग जात नाही.”

“मी नाहीच म्हटलं तर?”

भय्यासाहेबांनी चष्मा काढला. “शपथेवर खोटं बोललात तर सात वर्षांपर्यंत. खरं काय ते सांगा अन् मोकळ्या व्हा.”

मोकळ्या! गढा वस्तीतल्या दुकानातली ती दुपार चार वर्षं त्यांना सोडत नव्हती. पदराखाली दडवलेला बाळाच्या दुधाचा डबा, दाराशीच घट्ट धरलेलं मनगट, जमलेली माणसं. “पुलिस बुलाओ!” ती ओरड अजून कानात होती. नंतर त्यांनी गढ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. कुणी फाटक वाजवलं की त्या आतल्या खोलीत जायच्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्या बाकावर बसेनात. या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा चालू होत्या. शिपायानं नाव पुकारलं तेव्हा भय्यासाहेबांनाच त्यांचा दंड धरून आत न्यावं लागलं.

भय्यासाहेबांनी माफीचा अर्ज दिला. न्यायाधीशबाईंनी तो वाचला, वॉरंट रद्द केलं. मग शपथ झाली.

“दुकान तब आपकी थी?” न्यायाधीशबाईंनी विचारलं. “चोरी आपने पकड़ी, रिपोर्ट भी आपने लिखवाई?”

“जी.”

“कटघरे में देखिए. यही औरत थी?”

पिंजऱ्यात एक वाळलेली बाई मान खाली घालून उभी होती. तिच्या पदराला धरून चार वर्षांची एक मुलगी सगळ्यांकडे टकामका बघत होती.

प्रमोदिनीताईंनी बाईकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं.

“नहीं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “इनको मैं आज पहली बार देख रही हूँ.”