सात फेऱ्यांचा वड

"फांदी आणायची नाही, चष्म्यातला वड पुजायचा, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?" वटपौर्णिमेच्या सकाळी सासूबाईंनी सुताची गुंडी माझ्यासमोर टेबलावर आपटली.

मी कॉम्प्युटरच्या आभासी जगात शिल्पं करते, सगळी पर्यावरणावर. सोसायटीने पार्किंगसाठी तोडलेला फाटकाजवळचा वड मी त्या आभासी जगात पुन्हा उभा केला होता, पारंब्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या. बघणाऱ्याला लाज वाटावी म्हणून. अशा माझ्या घरात बाजारातली तोडलेली फांदी कशी चालेल? मी सरळ त्यांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला आणि गुंडी हातात दिली.

"अगंबाई, तोच की," त्या म्हणाल्या आणि हातातलं सूत सोडत फेऱ्या घालू लागल्या. वडाचा बुंधा नेमका पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांच्या खुर्चीवर आला होता. पहिल्या फेरीत त्यांना सुताचा वेढा बसला, चौथ्या फेरीत हातातला पेपर छातीशी बांधला गेला.

"बाबा, सोडवू का?" मी कुजबुजले.

"नको. धागा तुटला तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजेल."

सात फेऱ्या झाल्या. सासूबाईंनी चष्मा काढला आणि खुर्चीतल्या गाठोड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कसा वाटला माझा वड?" मी आशेने विचारलं.

"छान आहे. पण पुढच्या वर्षी तो चष्मा राहू दे," सासऱ्यांच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवत त्या म्हणाल्या. "हे आहेत की घरात. हललेसुद्धा नाहीत."